जुन्या गाण्यांत नाचणाऱ्यांचे पायच दिसत नाहीत, काय करावं?

पेणची_सून:
नमस्कार मंडळी. सासूबाई आल्यात राहायला आणि रात्री जेवणं आटपली की हॉलमधल्या टीव्हीवर यूट्यूबवरून जुनी गाणी लावते त्यांच्यासाठी. परवा अलबेला पिक्चरमधलं 'शोला जो भडके' लावलं तर म्हणतात, अगं भगवानदादांचे पाय कुठायत? बघते तर खरंच, घोट्याखाली चित्रच नाही, आणि वरून मागच्या पोरींची डोकी पण छाटलेली. वर लिहिलंय फुल एचडी! दुसऱ्या चॅनेलवर तेच गाणं मिळालं तर त्यात सगळे आडवे पसरलेले. आमचा टीव्ही बिघडलाय का अपलोड करणाऱ्यांनी काही घोळ घातलाय? आणि हो, नाच बघण्यासारखी अजून गाणी पण सांगा, त्यांना छायागीतच्या जमान्यातलं सगळं चालतं.

रिमोट_कुणाकडे:
टीव्ही ठीक आहे तुमचा. अलबेला 1951 चा पिक्चर, जवळपास चौकोनी चित्रात शूट झालेला, रुंदी-उंची 4:3 च्या आसपास. आत्ताचे टीव्ही 16:9. चौकोनी चित्र रुंद पडद्यावर काठोकाठ भरायचं तर दोनच मार्ग, वरखालून कापायचं नाहीतर आडवं ताणायचं. कापलं तर चित्राचा सरळ चौथा हिस्सा गेला, ताणलं तर माणूस तीसेक टक्के जाड. दोन काळ्या पट्ट्या दिसल्या की लोकांना वाटतं पैसे वसूल नाही झाले, म्हणून चॅनेलवाले आधीच कापून टाकतात.
आधी टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये जाऊन झूम वगैरे काय असेल ते बंद करा आणि ओरिजिनल नाहीतर 4:3 करून बघा. तरी पाय नाहीत म्हणजे अपलोडच कापलेलं आहे, त्याला इलाज नाही. दुसरी कॉपी शोधा, डाव्याउजव्या बाजूला काळ्या पट्ट्या असलेली. दिसायला जुनाट, खरखरीत असली तरी तीच लावा, आणि रंगीत केलेल्यांच्या तर वाटेलाच जाऊ नका.

चाळीतला_बाजा:
भगवानदादांच्या बाबतीत तर हा गुन्हाच आहे राव. त्या माणसाचा नाच म्हणजे गुडघ्यात किंचित वाकायचं, हात कोपरातून सैल सोडायचे, खांद्यांनी डोलायचं आणि पाय नुसते सरकवायचे, उडी नाही की गिरकी नाही. कॅमेरा समोर उभा आणि अख्खा माणूस दिसतोय यातच मजा. पाय कापले की उरतं काय, एक जाडसा माणूस खांदे हलवतोय. वरातीत बेंजो सुरू झाला की आपले काका-मामा आजही हेच करतात, आणि अमिताभच्या नाचात पण ते दिसतं हे तर सगळेच मान्य करतात.
अजून एक, त्याच पिक्चरमधलं 'दीवाना ये परवाना' लावा आणि मागचा बँड बघा. झालरीच्या बाह्यांचे शर्ट घालून वाजवणारी ती माणसं खरे वादक आहेत, चिक चॉकलेट आणि त्याचा बँड. गोव्यातल्या आल्दोनाचा ट्रंपेटवाला, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, संगीतकार सी. रामचंद्रांचा असिस्टंट होता. आमचे आजोबा पडद्यावर हिरॉइन आली तरी बँडकडेच बघायचे!

सूर_लागेना:
गाण्याच्या सुराच्या पट्टीचं पण सांगून ठेवतो. फिल्म सेकंदाला 24 फ्रेमनी चालते, आपल्याकडची टीव्हीची जुनी सिस्टिम 25 ची, त्यामुळे कॅसेट, डीव्हीडी बनवताना बऱ्याच वेळा 24 चे 25 पळवले. गाणं 4 टक्के फास्ट आणि सूरही वर चढलेला. पेटीवरच्या काळी एकमधलं गाणं काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी लटकतं, पेटी घेऊन बसलात तर डोकं धराल. यूट्यूबचा स्पीड कमी करून उपयोग नाही, पट्टी तीच राहते त्यात. पट्टी ऐकायची तर रेकॉर्डवरचं ऐका, नाच बघायचा तर पिक्चरमधलं, मी तरी असंच करतो.

घुंगरू_तुटले:
नवरंग (1959) विसरू नका. 'अरे जा रे हट नटखट' मधे हिरॉइन संध्यानं डोक्याच्या मागे पुरुषाचा मुखवटा बांधलाय, समोर वळली की ती आणि पाठ केली की तो. मागच्या 'तो'चे हातवारे सुद्धा तिनेच पाठमोरी राहून करायचे, कोपरं उलटी! आणि हे सगळं अख्ख्या शरीरानं, म्हणजे इथे पण कापलेली कॉपी नकोच. नाचणारा हत्ती पण आहे.
मग झनक झनक पायल बाजे (1955). गोपीकृष्ण हिरो पण तेच आणि नृत्यं पण त्यांनीच बसवलेली, संध्या त्यांच्याकडेच शिकली. वसंत देसाईंचं संगीत, तबल्यावर सामताप्रसाद, आणि शिवकुमार शर्मांचा संतूर, तेव्हा पोरसवदा होते ते.

कडक_चहा:
संध्याचे डोळे मला झेपत नाहीत, सॉरी. नाच कमी आणि हावभाव जास्त. त्यापेक्षा सांगत्ये ऐका (1959) मधलं 'बुगडी माझी' बघा, जयश्री गडकर, आशाबाईंचा आवाज. पुण्यात विजयानंदला अडीच वर्षं चालला पिक्चर, उगाच नाही.

घुंगरू_तुटले:
@कडक_चहा हावभाव जास्त आहेत, मान्य. पण दोन्ही पिक्चरच्या दिग्दर्शकाला, शांतारामबापूंना, तेच हवं होतं ना, शेवटच्या रांगेतल्या माणसाला पण कळलं पाहिजे. मोबाईलवर चेहरा जवळून बघितला की अंगावर येतो, मोठ्या पडद्यावर दहा फुटांवरून बघा एकदा. त्यांच्याच पिंजराची गाणी तर लांबूनच बघायची. बुगडीला मात्र माझा पण +1.

माटुंगा_रोड:
तमिळ चालत असेल तर वंजिकोट्टै वालिबन (1958) मधली जुगलबंदी लावा, वैजयंतीमाला विरुद्ध पद्मिनी. आमच्या बिल्डिंगमधे पद्मिनीवाले आणि वैजयंतीवाले असे दोन गट आहेत, गणपतीच्या मीटिंगमधे सुद्धा निघतो विषय. भाषेवाचून काही अडत नाही, एक काहीतरी करते, दुसरी त्याच्यावर कुरघोडी करते, बस. राज तिलक म्हणून हिंदीत पण आहे. संगीत कोणाचं माहितीये? अलबेलावाल्या सी. रामचंद्रांचंच. नवरंग पण त्यांचाच की.

पेणची_सून:
झूम ऑन होता हो टीव्हीवर, चिरंजीवांनी क्रिकेटसाठी करून ठेवलेला! बंद केला आणि काळ्या पट्ट्यांवाली कॉपी लावली, दादांचे बूट दिसले एकदाचे. सासूबाई पद्मिनीच्या गटात, मी वैजयंतीमालाच्या, आणि नवरा बातम्या लावा म्हणतोय. बुगडीची पायासकट कॉपी कुणाकडे असेल तर लिंक टाका, मला सापडल्या त्या सगळ्या कापलेल्या आहेत.

रिमोट_कुणाकडे:
लिंक व्यनिनं (खाजगी निरोपात) पाठवलीय. प्रिंट जुनी आहे, आवाज थोडा वाढवून ठेवा.