मदत हवी आहे: 'जीएम-फ्री' असल्याचं लेखी कुठून मिळेल? (ठाणे, अर्जंट)

घोडबंदरची_निशा
कोणाला माहीत असेल तर पटकन सांगा. घोडबंदर रोडवरच्या एका ऑरगॅनिक दुकानात माल ठेवायचाय. दुकानदार म्हणतो, लॅबचं 'जीएम-फ्री', म्हणजे मालात जनुकं बदललेल्या पिकाचं काही नाही, असं पत्र आणा, पाकिटावरही तसं छापा, मगच शेल्फवर लावतो. शनिवारच्या आत हवंय, लेबलांची छपाई अडून बसलीये. ठाण्यात किंवा नवी मुंबईत ही टेस्ट कुठे होते आणि किती घेतात? एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन आहे, ते विचारू नका.

भास्करकाका_वाशी
माल म्हणजे काय? पापड, लोणची, साबण?

घोडबंदरची_निशा
खायचाच माल आहे हो काका. घरगुती. मी लॅबचं विचारलंय.

खारघरचा_भुंगा
ताई, 'खायचा माल' एवढ्यावर लॅबवालाही काही सांगणार नाही. आपल्याकडे शेतकऱ्याला लावायची परवानगी असलेलं जीएम पीक एकच, बीटी कापूस, म्हणजे जिवाणूचं जनुक घालून बोंडअळीला मारणारा, २००२ पासून. बीटी वांग्याची शिफारस जीईएसीने, म्हणजे जीएमला मंजुरी देणाऱ्या केंद्राच्या समितीने, ऑक्टोबर २००९ मध्ये केली होती, पण ९ फेब्रुवारी २०१० ला तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्यावर स्थगिती आणली. मोहरीचं वाण, डीएमएच-११, सुप्रीम कोर्टात अडकलं. जुलै २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचे दोन वेगळे निकाल लागले. तेव्हा मालात तांदूळ, गहू, ज्वारी, डाळी असतील तर प्रश्नच मिटला. जे बाजारात नाहीच त्याची टेस्ट कशाला?

सेंद्रिय_सुहास
'प्रश्नच मिटला' म्हणे! २०१८ मध्ये दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संस्थेने बाजारातले ६५ खाद्यपदार्थ तपासले, त्यातल्या २१ मध्ये जीएम सापडलं. २०२१ मध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, आणि उतरवायचं एक बंदर होतं आपलं न्हावा शेवा. ती कोंबड्यांनी खाल्ली, कोंबड्या आपण. निशाताई, तुमचा दुकानदार शंभर टक्के बरोबर आहे. त्याच्या मागे उभ्या राहा.

खारघरचा_भुंगा
कोंबडी पेंड पचवते, सुहासराव. आपण रोज पालक खाऊन हिरवे होतो का?

भास्करकाका_वाशी
विषय निघालाच आहे तर विचारतो, ही लांबट रेड लेडी पपई जीएम असते ना? एपीएमसीत सगळीकडे तीच दिसते. आणि फळाच्या स्टिकरवरचा आकडा ८ ने सुरू झाला की जीएम, असं आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर आलंय.

खारघरचा_भुंगा
काका, रेड लेडी हा तैवानचा हायब्रिड आहे, जीएम नाही. जीएम पपई हवाईची, १९९८ पासूनची, रोगाने बागा बसल्या म्हणून आणलेली. बिनबियांचं कलिंगडही जीएम नाही. स्टिकरवरचा तो ८ कागदावरच राहिला, दुकानात कधी आला नाही. ग्रुपवर कळवून टाका.

घोडबंदरची_निशा
पपई मी विकत नाही. लॅब कोणी सांगेल का?

वऱ्हाडी_ठेचा
घर अकोल्याकडचं, नोकरी ऐरोलीत. माझं ऐका. बीटी आलं तेव्हा बोंडअळी खरंच थांबली होती, फवारण्या कमी झाल्या होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग गुलाबी बोंडअळी त्याला सरावली. बोंड वरून हिरवंगार, टणक, आणि फोडलं की आत सरकीला भोक पाडून अळी बसलेली. पुन्हा औषधांचा मारा सुरू. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारता फवारता माणसं गेली, ती बीटी खाऊन नाही गेली, औषध अंगात भिनून गेली. २०१९ ला अकोटकडे शेतकरी संघटनेने बंदी असलेलं तणनाशक-सहनशील कापसाचं बी उघड उघड पेरलं, कारण निंदणाला बाया मिळत नाहीत. इकडे बसून 'विष, विष' म्हणणं सोपं आहे राजेहो.
बरं ताई, एक सांगा. माल तळता का? तेल कोणतं?

घोडबंदरची_निशा
चिवडा, शंकरपाळी, भाजणीची चकली. तेल साधंच, १५ किलोचा डबा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'रिफाइंड कॉटनसीड' लिहिलंय, बाजारात कपासिया म्हणतात ते. फरसाणवाले सर्रास तेच वापरतात. वास येत नाही आणि माल दिवाळीनंतरही खवट होत नाही. पण तेलाचा इथे काय संबंध?

वऱ्हाडी_ठेचा
अवो ताई, तेच तर! आमच्याकडचा कापूस जवळजवळ सगळा बीटी. जिनिंगमधून रुई एकीकडे जाते, सरकी ऑइल मिलला. तेल तुमच्या कढईत, पेंड आमच्या म्हशीला. पोहे-डाळींचं पत्र घेऊन काय करता? जीएमचा काय तो संबंध असेल तर त्या डब्याशी.

सेंद्रिय_सुहास
घ्या! वीस वर्षं आख्खा महाराष्ट्र न विचारता खातोय. १ जानेवारी २०१३ पासून जीएम पदार्थाच्या पाकिटावर वरच्या बाजूला 'जीएम' छापायचा नियम आला. एका तरी डब्यावर दाखवा मला.

खारघरचा_भुंगा
लेबलचा मुद्दा मान्य, तिथे तुमच्या बाजूने आहे. पण विष वगैरे नको. बीटीचं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतं, तिथल्या विशिष्ट ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटतं आणि आतडं फाडतं. आपल्या पोटात आम्ल, आणि ते ग्राही नाहीतच. शिवाय रिफाइंड तेलात प्रथिन जवळजवळ उरतच नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये ढीगभर अभ्यास चाळून सांगितलं की, बाजारातल्या जीएम अन्नाचा धोका साध्या अन्नापेक्षा जास्त असल्याचा पुरावा सापडत नाही.

सेंद्रिय_सुहास
आणि जीएम मका खाऊन उंदरांना गाठी झाल्या म्हणणारा, फ्रेंच शास्त्रज्ञ सेरालिनींचा २०१२ चा प्रयोग? ते गाठींचे फोटो पाहिलेत का?

खारघरचा_भुंगा
पाहिलेत. उंदरांची ती जात म्हातारपणी तशीही गाठी धरते, आणि गटात दहा-दहा उंदीर. नियतकालिकाने तो लेख २०१३ मध्ये मागे घेतला.

सेंद्रिय_सुहास
२०१४ मध्ये दुसरीकडे पुन्हा छापून आला, हे का नाही सांगत? २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ग्लायफोसेट 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं. आता म्हणाल, ते तणनाशक आहे, पीक नाही. पण तणनाशक सोसणारं पीक त्याच फवारणीसाठी बनवतात ना? आणि वांग्याच्या वेळी चाचण्या कोणी केल्या होत्या? बियाणं विकणाऱ्या कंपनीनेच. स्वतंत्र तपासणी नाही, हे रमेश यांनीच स्थगितीच्या वेळी म्हटलं होतं.

खारघरचा_भुंगा
कंपनीच्या चाचणीचा मुद्दा बरोबर आहे. उंदरांचा नाही.

घाणा_वागळे_इस्टेट
ताई, आमच्याकडे लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल मिळेल. आपल्याकडे जीएम शेंगदाणा लावतच नाहीत. डबा घरपोच. व्यक्तिगत निरोप करा.

घोडबंदरची_निशा
दादा, घाण्याच्या तेलात तळलेल्या चकलीचा भाव सांगितला तर गिऱ्हाईक सोसायटीच्या गेटवरूनच परत जाईल. आणि बाकीच्यांनो, भांडा खुशाल, पण मला एवढंच सांगा, टेस्ट करायची की नाही?

खारघरचा_भुंगा
करून उपयोग नाही. जीएमची टेस्ट पीसीआरवर होते, तिला डीएनए लागतो, आणि रिफाइंड तेलात तो इतका कमी उरतो की रिपोर्टवर बहुतेक 'आढळले नाही' येईल. त्यावरून सरकी बीटीची नव्हती असं सिद्ध होत नाही. तरी पत्र हवंच असेल तर महापे-रबाळेकडे अन्न तपासणाऱ्या लॅब आहेत. आधी फोन करून विचारा, एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणारी संस्था) स्कोपमध्ये, म्हणजे मान्य चाचण्यांच्या यादीत, जीएमओ आहे का. नुसतं मायक्रोबायोलॉजी असेल तर पैसे वाया.

सेंद्रिय_सुहास
म्हणजे बीटीच्या सरकीचं तेल वापरून 'जीएम-फ्री' छापायचं आणि रिपोर्ट पुढे करायचा? ही शुद्ध फसवणूक झाली.

खारघरचा_भुंगा
मी कुठे छापा म्हटलं? उलट छापू नका. दावा सिद्ध करायची जबाबदारी छापणाऱ्याची असते. सोपं काम करा, तेल बदला. राईस ब्रॅन किंवा सूर्यफूल घ्या, जीएम सूर्यफूल व्यापारी तत्त्वावर कुठेच पिकवत नाहीत. फक्त डबा उलटा करून वाचा. मिश्र तेल असेल तर टक्केवारी लिहिलेली असते, त्यात सोयाबीन किंवा सरकी नको. सोयाबीन तेल बरंचसं अर्जेंटिना-ब्राझीलहून येतं आणि तिथलं सोयाबीन जीएमच. तेल पुरवणाऱ्याकडून लेटरहेडवर लिहून घ्या आणि पाकिटावर घटकात तेलाचं नाव स्पष्ट टाका.

घोडबंदरची_निशा
दुकानात जाऊन आले. तेल पुरवणाऱ्याचं पत्र चालेल म्हणाला. लॅबचं पत्र नक्की कशाचं हवंय हे त्यालाही सांगता येईना. त्याच्याच शेल्फवर सैंधव मिठाचं पाकीट आहे, वर हिरव्या पानाचं चित्र आणि 'नॉन-जीएमओ'. मी काही बोलले नाही, माल ठेवायचाय. राईस ब्रॅनचा डबा आणलाय. लेबलवर 'जीएम-फ्री' टाकत नाही, 'राईस ब्रॅन तेलात तळलेले' एवढंच टाकते.

खारघरचा_भुंगा
मिठात जनुकं! सुहासराव, यावर बोला.

सेंद्रिय_सुहास
मार्केटिंगवाल्यांचा मूर्खपणा माझ्या माथी मारू नका. लोकांना भीती आहे म्हणून तसं छापलं जातं, आणि सरकार नीट लेबल लावत नाही म्हणून भीती आहे.

वऱ्हाडी_ठेचा
आणि सरकीला भाव पडला की भोगणार कोण? आम्हीच. चालू द्या तुमचं.

मुलुंडची_माई
निशा, तेल बदललंस तर पहिला घाणा थोडाच काढ गं. आच नेहमीसारखीच ठेवलीस आणि चकली आतून मऊ राहिली, तर भाजणीत मोहन जरा कमी घालून बघ. आणि शंकरपाळी किलोवर देतेस का? आमच्या मंडळाला हवी आहेत.