अपघातात पाय गमावलेल्या ट्रकचालकाने भरपाई कोणत्या कायद्याखाली मागावी?

भीमातीर यांचा प्रश्न

नमस्कार. माझे दाजी सोळा वर्षांपासून ट्रक चालवत आहेत; वय पूर्ण चाळीस. १४ ऑगस्ट २०२५ च्या पहाटे साखरेची पोती भरून सोलापूरहून हैदराबादला जात असताना उमरगा ओलांडल्यावर, कर्नाटकातील हुमनाबादच्या अलीकडे, रस्त्यातच बंद पडून उभ्या असलेल्या एका ट्रकवर त्यांची गाडी मागून आदळली. त्या ट्रकचे मागचे दिवे बंद होते, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या चिखलाने माखल्या होत्या आणि मागे खुणेसाठी झाडाची एखादी फांदीसुद्धा टाकलेली नव्हती, असे दाजी आणि क्लीनर दोघेही सांगतात. केबिन चेपून दाजींचा उजवा पाय पेडलजवळ अडकला, क्रेन येईपर्यंत ते तसेच अडकून होते आणि अखेर गुडघ्याखालून पाय कापावा लागला.

पोलिसांनी निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा गुन्हा दाजींवरच नोंदवला आहे. गाडीमालकांनी सुरुवातीला रुग्णालयात चाळीस हजार रुपये भरले. परवा त्यांचे मुनीम पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर टंकलिखित मजकूर घेऊन घरी आले होते. 'ऐंशी हजार रुपये मिळाले, यापुढे माझी कोणतीही मागणी राहणार नाही' असे त्यावर लिहिलेले आहे. पगार महिना अठरा हजार, तो रोख मिळत असे. नेमणुकीचे पत्र कधी दिलेच नाही. गुन्हा त्यांच्यावरच असताना भरपाई मागता येते का, ताईने त्या कागदावर दाजींना सही करू द्यावी का, आणि खटला कर्नाटकात चालवावा लागेल का, एवढे कृपया सांगावे. आमच्या घरात कोर्टाची पायरी आजवर कोणी चढलेले नाही.

न्यायदालन यांचे उत्तर

ताई, सर्वप्रथम त्या मुद्रांकावर सही होऊ देऊ नका. मी मोटार अपघात दाव्यांचे काम करतो आणि अशा कागदांमुळे घरेच्या घरे कशी अडकतात ते जवळून पाहिले आहे. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ च्या कलम १७ नुसार भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल ठरतो, आणि कलम २८ व २९ नुसार, भरपाईचे दावे निवाडणाऱ्या आयुक्तांकडे न नोंदवलेली तडजोड मालकाला पूर्ण जबाबदारीतून सोडवत नाही. तरीही कागदावर सही झाली की तो अवैध आहे हे दाखवण्याचे ओझे तुमच्यावर येते आणि त्यात महिने जातात. मालकांनी औषधपाण्यासाठी दिलेले पैसे जरूर घ्या, पण त्याची पावती नुसत्या रकमेची द्या.

आता मूळ प्रश्न. दाजींपुढे दोन वाटा आहेत आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १६७ नुसार त्यांतली एकच निवडता येते. एका ठिकाणी भरपाई घेतली की दुसरीकडे जाता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली मस्तान प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणून घाईने अर्ज दाखल करणे हेही सहीइतकेच महागात पडू शकते.

पहिली वाट १९२३ च्या कायद्याची. अपघात नोकरीच्या कामामुळे आणि काम चालू असताना झाला, एवढेच तिथे सिद्ध करावे लागते. चूक कोणाची हा प्रश्नच येत नाही. मद्यपानासारख्या मोजक्या कारणांचा अपवाद कायद्यात आहे, पण दुखापतीतून कायमची पूर्ण अक्षमता आली असेल तर तोही लागू होत नाही. त्यामुळे पोलिसांनी दाजींवर गुन्हा नोंदवला म्हणून हा दावा बुडत नाही. पूर्ण अक्षमतेसाठी महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के रकमेला कायद्याच्या तक्त्यातील वयाच्या गुणकाने गुणतात. मात्र जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी पगार जास्तीत जास्त पंधरा हजारच धरतात, म्हणजे दाजींचे तीन हजार इथे मोजलेच जात नाहीत. चाळीस वर्षांसाठी गुणक १८४.१७ आहे. नऊ हजार गुणिले १८४.१७, म्हणजे १६,५७,५३० रुपये. त्यावर उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा आणि रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात न दिल्यास १२ टक्के व्याजही.

विमा कंपनी म्हणेल की पाय गुडघ्याखाली गेला, म्हणून कायद्याच्या अनुसूचीतली, म्हणजे दुखापतींच्या यादीत ठरवून दिलेली टक्केवारीच लावा. ते मान्य करू नका. डावा हात गमावलेल्या एका सुताराच्या बाबतीत १९७५ मध्ये प्रताप नारायण सिंह देव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कमाईची क्षमता शंभर टक्के गेल्याचे मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. उजवा पाय नसलेल्या माणसाला अवजड ट्रकचा ब्रेक दाबता येत नाही, हे डॉक्टरांच्या दाखल्यात शब्दांत उतरले पाहिजे. नुसता टक्क्यांचा आकडा पुरत नाही.

दुसरी वाट मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची, कलम १६६ ची. इथे उभ्या ट्रकच्या चालकाचा हलगर्जीपणा दाखवावा लागेल, पण पगाराला मर्यादा नाही. अठरा हजारांवर भविष्यातील वाढीचे २५ टक्के धरले तर साडेबावीस हजार, वर्षाचे दोन लाख सत्तर हजार, वर्षाच्या उत्पन्नासाठी इथे चाळीस वर्षांचा गुणक १५, म्हणजे साडेचाळीस लाख. वेदना, कृत्रिम पाय आणि उपचार वेगळे. निम्मी चूक दाजींची ठरली तर हा आकडा सव्वावीस लाखांवर येतो, आणि सगळी चूक त्यांचीच ठरली तर हाती काहीच लागत नाही. दिवे न लावता रस्त्यात उभ्या केलेल्या टँकरच्या बाबतीत २०१८ च्या अर्चित सैनी प्रकरणात उच्च न्यायालयाने निम्मी चूक कारचालकावर टाकली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती काढून पूर्ण जबाबदारी टँकरवर ठेवली. पण त्या प्रकरणात प्रत्यक्षदर्शी साक्ष भक्कम होती. तुमच्याकडे क्लीनरची साक्ष आणि पोलिसांच्या पंचनाम्यात दिव्यांची नोंद असेल, तर मी दुसऱ्या वाटेचा गंभीरपणे विचार करीन. नसेल, तर पहिली वाट सोडणार नाही.

खटला सोलापुरातच चालेल. अर्जदार जिथे राहतो तिथे अर्ज करण्याची मुभा दोन्ही कायद्यांत आहे. फक्त कर्नाटक पोलिसांची कन्नडमधील कागदपत्रे भाषांतर करून घ्यावी लागतील. मुदतीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. १९२३ च्या कायद्याखाली दोन वर्षे मिळतात, पण न्यायाधिकरणासाठी एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहाच महिने आहेत, म्हणजे १४ फेब्रुवारी २०२६. या सहा महिन्यांच्या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्याच्या भरवशावर तारीख जाऊ देऊ नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. अपघात त्याआधीचा असल्यामुळे तुमचा हक्क जुन्याच कायद्याने मोजला जाईल.

जुना सारथी यांचे उत्तर

मी स्वतः अठ्ठावीस वर्षे गाडी चालवली आणि घाटात ब्रेक निकामी होऊन डाव्या हाताची तीन बोटे गमावली. वकील साहेबांनी कायदा सांगितला. मी कागदांविषयी सांगतो, कारण माझ्या वेळी मालकांनी सरळ 'हा आमचा माणूसच नव्हे, त्या दिवशी गाडी मागून नेली होती' असे सांगितले आणि माझ्याजवळ पगाराची एक चिठ्ठीसुद्धा नव्हती.

मला वाचवले ते डिझेलच्या पावत्यांनी. पंपावर गाडी क्रमांकापुढे मी केलेल्या सह्या चार महिन्यांच्या निघाल्या. दाजींच्या बाबतीत आज साधने अधिक आहेत: त्या फेरीची बिल्टी (माल पाठवल्याची पावती), ई-वे बिल, फास्टॅगच्या नोंदी, भत्ता पाठवल्याचे मोबाइलवरचे संदेश, मुनिमांनी 'कुठे पोहोचलास' म्हणून पाठवलेले आवाजी निरोप. मोबाइल अपघातात फुटला असला तरी सिम तेच ठेवा आणि संदेश पुन्हा उतरवून घ्या. क्लीनरचा जबाब आताच होऊ द्या; ही मुले गाव बदलतात, दुसऱ्या मालकाकडे लागतात, आणि वर्षभराने त्यांना शोधणे फार कठीण जाते.

आणखी एक. दाजींना ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) कार्ड होते का, हे विचारा. असल्यास १९२३ च्या कायद्याची वाट बंद होते आणि लाभ ईएसआयकडून मिळतात. बहुतेक मालक ते काढत नाहीत, पण अर्ज केल्यावर हे कळणे वाईट.

दोन गाड्यांचा मालक यांचे उत्तर

मी लहान वाहतूकदार आहे, म्हणून मालकाच्या बाजूने लिहितो. गाडीच्या विमा पॉलिसीची प्रत मागून घ्या आणि पगारी चालकाच्या कायदेशीर जबाबदारीसाठी हप्ता भरल्याची ओळ शोधा. हा हप्ता जेमतेम पन्नास रुपयांचा असतो. ती ओळ असेल तर भरपाई आणि व्याज विमा कंपनी भरते. विनाकारण उशीर केल्याबद्दल आयुक्त लावतात तो दंड तेवढा मालकाच्या खिशातून जातो. पुष्कळ मालकांना हे ठाऊक नसते आणि घर विकावे लागेल या भीतीपोटी ते मुद्रांक घेऊन धावतात. दाजींच्या गाडीमालकांशी कोणी समजूतदार माणूस बोलला तर ते विरोधक न राहता साक्षीदार होतील. चालकाचा अवजड वाहनाचा परवाना अपघाताच्या दिवशी वैध होता ना, हेही पाहा. विमा कंपनी पहिले बोट तिथेच ठेवते.

भीमातीर

सर्वांचे मनापासून आभार. सही केलेली नाही. दाजींचा अवजड वाहनाचा परवाना २०२७ पर्यंत वैध आहे, ईएसआय कार्ड नव्हते. क्लीनर अक्कलकोट तालुक्यातलाच आहे आणि जबाब द्यायला तयार आहे. पंचनाम्याची प्रत मिळाली असून तिच्यात उभ्या ट्रकची जागा 'डांबरी रस्त्यावर डाव्या बाजूस' अशी लिहिली आहे. दिव्यांविषयी एक शब्दही नाही. वकिलांची फी देण्याची आमची ऐपत आज नाही.

न्यायदालन

जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाजींच्या अपंगत्वाच्या दाखल्यासह अर्ज करा. अपंग व्यक्तीला विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. १५१०० या क्रमांकावरही चौकशी होते. 'डांबरी रस्त्यावर' हे दोन शब्द तुमच्या बाजूचे आहेत, कारण ट्रक रस्त्याच्या कडेला घेतलेला नव्हता हे पोलिसांनीच लिहून ठेवले आहे. दिव्यांसाठी क्रेनवाल्याला गाठा. गाड्या वेगळ्या करण्याआधी ही मंडळी बहुधा छायाचित्रे काढतात, आणि त्या पहाटेचे एखादे जरी मिळाले तरी कोणती वाट धरायची हे त्यावरून ठरवता येईल. मिळाले तर इथे कळवा, मी अर्जाचा मसुदा पाहून देईन.