मदत हवी आहे: खाऱ्या पाण्याच्या टाकीतील ऐप्टेशियाचा बंदोबस्त कसा करावा?

खारेपाणी_बडोदा
नमस्कार. माझ्या टाकीतील लाइव्ह रॉकवर (सूक्ष्मजीव असलेल्या समुद्री दगडावर) ऐप्टेशिया (अ‍ॅनिमोन जातीचे, फुलासारखे दिसणारे उपद्रवी समुद्री प्राणी) झाले असून दिवाळीपासून ते वाढतच चालले आहेत. देखभालीसाठी येणाऱ्या मुलाने ते ब्रशने घासून काढले, त्यानंतर तर काचेवर आणि सम्पमध्येही (पाणी गाळण्याच्या खालच्या टाकीतही) दिसू लागले. शेजारचे झोआ (प्रवाळासारखे रंगीत समुद्री प्राणी) आता नीट उमलत नाहीत. कृपया खात्रीचा उपाय लवकर सांगावा.

मांडवीकर
टाकी किती लिटरची आहे, तीत मासे कोणते आहेत आणि हे ऐप्टेशियाच आहेत हे कशावरून ठरवले, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. मजानो जातीचे अ‍ॅनिमोनही असेच पसरतात, मात्र त्यांची शुंडके आखूड आणि टोकाशी फुगीर असतात.

खारेपाणी_बडोदा
टाकी दोनशे लिटरची आहे. शुंडके लांब, टोकदार आणि तपकिरी पारदर्शक आहेत, आणि बोट जवळ नेताच प्राणी दगडाच्या भोकात गडप होतो. मजानो नाहीत. आता उपाय सांगा.

जुना_टाकीवाला
घासल्यावर ते वाढणारच होते, कारण तळपायाचा बारीकसा तुकडा दगडाला चिकटून राहिला तरी त्यातून नवा प्राणी तयार होतो. त्याला जागच्या जागीच मारावे लागते. मी वर्षानुवर्षे चुना वापरत आलो आहे. चुना थोड्या आरओच्या पाण्यात दह्याइतका दाट कालवावा, पंप बंद करावेत, बोथट सुईच्या सिरिंजने प्राणी आक्रसण्यापूर्वी त्याच्या तोंडावर हलकेच सोडावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी उरलेला साका नळीने ओढून घ्यावा. पानाच्या गादीवर मिळणारा चुनाही चालतो.

रीफ_अलकापुरी
शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. पानाच्या चुन्यात आणखी काय मिसळले आहे हे कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडच घ्यावे. चुन्याच्या संपृक्त निवळीचा पीएच साधारण १२.४ असतो. म्हणून एका वेळी चार-पाचच प्राणी मारावेत, नाहीतर दोनशे लिटर पाण्याचा पीएच एकदम चढेल. हातमोजे आणि चष्मा हवाच; डोळ्यात उडालेला चुना थट्टेचा विषय नाही.

जुना_टाकीवाला
आमच्याकडे तोच चुना वापरून कधी काही बिघडले नाही. पुस्तकी भीती घालू नये.

नर्मदातीर
आपल्या पाण्याचा टीडीएस किती आहे? बोअरच्या पाण्यावर साधा घरगुती आरओ पुरत नाही. मी डीआय रेझिन (आरओनंतर उरलेले क्षार काढणारी गाळणी) बसवल्यापासून तपकिरी शेवाळ पूर्ण बंद झाले.

खारेपाणी_बडोदा
मी शेवाळाविषयी विचारलेलेच नाही. दगड सरळ बाहेर काढून पाण्यात उकळला तर?

रीफ_अलकापुरी
कृपया असे मुळीच करू नका. आपण स्वतःच लिहिले आहे की शेजारी झोआ आहेत. झोआंच्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचे तीव्र विष असते आणि असा दगड उकळल्यावर निघणाऱ्या वाफेमुळे घरातील सगळ्यांनाच रुग्णालयात न्यावे लागू शकते. त्या दगडाला ब्रशही लावू नका.

मांडवीकर
चुन्याने दिसणारे मरतात, भोकातले उरतात. त्यांच्यासाठी पेपरमिंट कोळंबी ठेवावी. मात्र दुकानात त्याच नावाने बहुधा कॅमल कोळंबी दिली जाते आणि ती झोआच कुरतडते. पेपरमिंटचे अंग जवळजवळ पारदर्शक असून त्यावर लांबीच्या दिशेने तांबड्या रेषा असतात. कॅमलच्या पाठीला कुबड असते आणि तांबड्या नक्षीत पांढऱ्या रेषा व ठिपके दिसतात. शिवाय कोळंबीला आयते खाद्य मिळत राहिले, तर ती ऐप्टेशियाकडे ढुंकूनही पाहत नाही.

सागरवेडा
त्यापेक्षा बर्घिया ही समुद्री गोगलगाय उत्तम, कारण ती ऐप्टेशियाखेरीज काहीच खात नाही. जामनगरजवळ नराऱ्याला ओहोटीत अशा गोगलगायी दिसतात, तेथूनच आणाव्यात.

रीफ_अलकापुरी
नरारा १९८२ साली घोषित झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे; तेथून एक शिंपलाही उचलू नये. शिवाय बर्घिया ही त्यांतली एक विशिष्ट जात आहे, दिसेल ती गोगलगाय आणून उपयोग नाही. ती पैदास करणाऱ्याकडूनच घ्यावी, आणि ऐप्टेशिया संपले की ती उपाशी मरते हेही धरून चालावे. मासे कोणते, हे मात्र अजून कळलेले नाही.

खारेपाणी_बडोदा
क्लाउनची जोडी, एक सिक्सलाइन रॅस आणि एक गोबी. त्याचा येथे काय संबंध?

मांडवीकर
फार मोठा संबंध आहे. सिक्सलाइन रॅस बर्घियाला पहिल्याच दिवशी वेचून खाईल. मोठी पेपरमिंट कदाचित टिकेल. ती सोडायचीच असेल तर दिवे मालवल्यावर सोडावी. कोणी तांब्याचे औषध सुचवले तर तेही टाळावे, कारण त्याने कोळंबी, गोगलगायी आणि झोआ सर्वच मरतात.

खारेपाणी_बडोदा
मग रॅस काढायचा की चुना लावायचा? एकच काय ते सांगावे.

रीफ_अलकापुरी
आधी चुना. काचेवरचे आणि झोआंपासून दूर असलेले प्राणी आज मारा, आठवडाभराने पुन्हा पाहा. सम्पमधले विसरू नका, कारण पंपाच्या पाण्याबरोबर तेथून तुकडे वर येतात. दरम्यान खाद्य निम्म्यावर आणा. आता खाद्य दिवसातून किती वेळा घालता, तेही लिहा.