इटलीत दोघांसाठी दहा रात्री : कोणती शहरे ठेवावीत, कोणती सोडावीत?

प्रश्न

नमस्कार. आमच्या लग्नाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्या निमित्ताने ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघे इटलीला जाणार आहोत. हातात दहा रात्री आहेत. यादी करायला बसलो तेव्हा मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, पिसा, चिंक्वे तेर्रे, रोम आणि नेपल्स अशी सात नावे कागदावर आली, आणि त्यांतले एकही खोडायला मन होईना. यजमानांना प्राचीन रोमच्या इतिहासाची मनापासून आवड आहे. भग्न अवशेषांमध्ये ते तासन्‌तास रमतात. मला पाणी आवडते, जुन्या गल्ल्यांतून रमतगमत फिरायला आवडते आणि चित्रेही आवडतात, परंतु एका दिवसात एकाहून अधिक संग्रहालये मला झेपत नाहीत. यजमानांचा उजवा गुडघा दुखतो. सपाट रस्त्यावर ते पाच-सहा किलोमीटर सहज चालतात, पण जिने आणि चढ शक्यतो टाळावे लागतात. गाडी चालवायची नाही, सगळा प्रवास रेल्वेनेच करायचा आहे. विमानाची तिकिटे अद्याप काढलेली नाहीत. यांतली कोणती शहरे ठेवावीत, आणि प्रत्येक ठिकाणी किती रात्री राहावे?

प्रतिसाद १

तिकिटे अजून काढलेली नाहीत हे फार चांगले झाले, कारण पहिला निर्णय तिथेच घ्यायचा आहे. जाण्यायेण्याचे तिकीट एकाच शहराचे न काढता व्हेनिसला उतरून रोमहून परतायचे, असे काढावे; विमान कंपन्यांच्या संकेतस्थळावर ‘मल्टी-सिटी’ या पर्यायात ते मिळते. रोमहून व्हेनिसला परत यायचे म्हटले तर जलद गाडीनेही सुमारे चार तास लागतात, म्हणजे सहलीचा एक अख्खा दिवस पाहिलेल्याच वाटेवर खर्च होतो.

दुसरे असे की, किती शहरे पाहायची हे ठरवण्याआधी मुक्काम किती वेळा हलवायचा हे ठरवा. मुक्काम हलवायचा म्हणजे सकाळी सामान बांधणे, खोली सोडणे, स्टेशन गाठणे आणि नव्या शहरात खोली ताब्यात मिळेपर्यंत बॅगा कुठेतरी ठेवून वेळ काढणे. गाडी दीड तासाची असली तरी अर्धा दिवस जातोच. दहा रात्रींत मुक्काम दोनदाच हलवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हेनिस तीन, फ्लॉरेन्स तीन, रोम चार. व्हेनिस ते फ्लॉरेन्स साधारण सव्वादोन तास आणि फ्लॉरेन्स ते रोम सुमारे दीड तास, आणि हे सगळे एकाच दिशेने.

व्हेनिसला तीन रात्री जास्त वाटतील, पण तुम्हाला पाणी आवडते म्हणूनच मी हा आग्रह धरतो आहे. दिवसभरासाठी येणारी माणसे संध्याकाळी परततात आणि सकाळी दहाच्या सुमारास पुन्हा येऊ लागतात. त्या मधल्या वेळेतले व्हेनिस फक्त तिथे मुक्कामाला असणाऱ्यांनाच मिळते. आम्ही एके दिवशी सकाळी साडेसहाला सान मार्को चौकात गेलो होतो. फरशी नुकतीच धुतलेली होती, धक्क्याला बांधलेल्या गोंडोलांवर निळी आच्छादने होती आणि त्या एकमेकींवर आपटल्याचा लाकडी आवाज चौकाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू येत होता. पुलापलीकडे मुख्य भूमीवर असलेल्या मेस्त्रेमध्ये खोल्या स्वस्त मिळतात, पण तिथे उतरले तर नेमकी ही वेळ हातची जाते.

मात्र गुडघ्याचा विचार करून राहण्याची जागा निवडा. या शहरात चारशेहून अधिक पूल आहेत आणि जवळपास प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत. आम्ही नकाशावर अंतर कमी दिसले म्हणून हॉटेल घेतले आणि स्टेशनपासून दोन जड बॅगा उचलून सहा पूल ओलांडले. पहिली संध्याकाळ पाय शेकण्यात गेली. व्हापोरेत्तोच्या, म्हणजे तिथल्या पाण्यावरच्या बसच्या, थांब्यापासून हॉटेलपर्यंत वाटेत एकही पूल नाही ना, हे आरक्षण करण्यापूर्वी हॉटेललाच लिहून विचारावे. क्रमांक एकची बोट संपूर्ण ग्रँड कॅनॉलमधून सावकाश जाते. तुमच्या यजमानांसाठी तीच उत्तम सैर आहे. दक्षिणेकडचा झात्तेरेचा काठ रुंद आहे आणि रमतगमत चालायला फार चांगला आहे. ऑक्टोबरपासून भरतीचे पाणी चढण्याचे दिवस सुरू होतात. परंतु २०२० पासून मोसे हे समुद्री दरवाजे मोठ्या भरतीच्या वेळी उचलले जात असल्याने त्या भीतीने शहर वगळू नये.

मिलान सोडावे. लिओनार्दोचे ‘अखेरचे भोजन’ हे भित्तिचित्र पाहण्याची तीव्र इच्छा असेल तरच तिथे जाण्यात अर्थ आहे, आणि त्याची पंधरा मिनिटांची वेळ बऱ्याच आधी आरक्षित करावी लागते. चिंक्वे तेर्रेही सोडावे; ती गावे डोंगरउतारावर आहेत आणि त्यांतल्या कोर्नील्याच्या स्टेशनवरून गावात चढायलाच साडेतीनशेहून अधिक पायऱ्या आहेत. त्याऐवजी फ्लॉरेन्सहून एक दिवस लुक्का करा. या गावाभोवतीची जुनी तटबंदी अखंड उभी आहे, तिच्या माथ्यावर झाडांच्या सावलीतून सुमारे चार किलोमीटरची सपाट वाट आहे, आणि तिथून पिसाही अर्ध्या तासावर असल्याने तो मनोरा त्याच दिवशी पाहून होतो.

प्रतिसाद २

वरील सल्ला विचारपूर्वक दिलेला आहे, परंतु त्यात यजमानांच्या वाट्याला कमी आले आहे, असे मला वाटते. ज्यांना प्राचीन रोम आवडतो त्यांनी इटलीला जाऊन व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याशी जाऊ नये, हे मनाला पटत नाही. इ. स. ७९ च्या उद्रेकात गाडली गेलेली नगरे पाहिल्यावर रोममधले स्तंभ आणि कमानी यांच्यामागची माणसे कशी राहत होती ते कळते. त्यांपैकी हर्क्युलेनियममध्ये जळून कोळसा झालेले लाकडी वासे, दारे आणि सरकते पडदेसुद्धा जागच्या जागी आहेत. एका दुकानात मातीची भांडी ठेवायची लाकडी मांडणी भिंतीला तशीच टेकून उभी आहे; तिच्यासमोर आम्ही कितीतरी वेळ काही न बोलता थांबलो होतो. माझ्या मते फ्लॉरेन्सच्या रात्री कमी करून दोन रात्री या नगरांजवळच्या नेपल्सला द्याव्यात.

प्रश्नकर्ती

दोन्ही प्रतिसाद आम्ही एकत्र बसून वाचले. हर्क्युलेनियमबद्दल वाचल्यावर यजमान आता ऐकायला तयार नाहीत. परंतु आणखी एक मुक्काम वाढवायचा तर पहिल्या प्रतिसादातली अर्ध्या दिवसाची अडचण येते. नेपल्सला न राहता, रोमहूनच जाऊन येणे शक्य आहे का? आणि त्याच उद्रेकात गाडले गेलेले पॉम्पे पाहावे की हर्क्युलेनियम?

प्रतिसाद १

शक्य आहे, आणि दुसऱ्या प्रतिसादातला मुद्दा मला मान्य आहे. मी गुडघ्याचा विचार करताना आवडीकडे थोडे दुर्लक्ष केले. रोम ते नेपल्स जलद गाडीने सव्वा तासाच्या आत होते. रोमला पाच रात्री ठेवा, फ्लॉरेन्सला दोन, आणि लुक्का सोडून द्या. फ्लॉरेन्समधल्या दोन रात्रींत उफित्सी हे चित्रसंग्रहालय आणि मिकेलांजेलोचा डेव्हिड हा पुतळा जिथे आहे ते अकादेमिया संग्रहालय, असे दोन दिवशी एकेक पाहून होते. मात्र दोन्ही सोमवारी बंद असतात, त्यामुळे वार बघूनच तारखा बसवा. कथीड्रलच्या घुमटावर जाण्याच्या मोहात पडू नका, ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. रोममध्ये एक दिवस ओस्तिया आंतिकासाठीही ठेवा. रोमचे हे जुने बंदर लोकल गाडीने अर्ध्या तासावर आहे आणि तिथे गर्दी खूपच कमी असते. हेही सोमवारी बंद असते.

प्रतिसाद २

एका दिवसात जाऊन यायचे असेल तर पॉम्पेपेक्षा हर्क्युलेनियमच निवडा. पॉम्पेचा विस्तार फार मोठा आहे आणि रस्ते ओबडधोबड दगडांचे आहेत. हर्क्युलेनियमचे उत्खनन आटोपशीर असल्याने तीन तासांत शांतपणे पाहून होते. नेपल्सहून सोरेंतोच्या दिशेने जाणाऱ्या लोकल गाडीने एर्कोलानो स्काव्ही या स्टेशनवर उतरावे. स्टेशनपासून प्रवेशद्वारापर्यंत सरळ उताराचा रस्ता आहे, म्हणजेच परतताना तो चढ होतो. त्या वेळी टॅक्सी करावी. नेपल्सचे पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद असते. या नगरांतली मूळ भित्तिचित्रे आणि मोझेक मोठ्या प्रमाणावर तिथेच असल्याने मंगळवार सोडून जावे, आणि आधी हर्क्युलेनियम करून दुपारी संग्रहालयात यावे.

प्रश्नकर्ती

व्हेनिस तीन, फ्लॉरेन्स दोन, रोम पाच, असे आम्ही नक्की केले आहे. व्हॅटिकन संग्रहालये महिन्यातला शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी बंद असतात हेही पाहून घेतले, आणि रोममधल्या रविवारी ओस्तियाला जायचे ठरवले. नेपल्ससाठी बुधवार ठेवला आहे. व्हेनिसमधल्या तीन हॉटेलांना काल रात्री पत्रे पाठवली. त्यांपैकी एकाचे उत्तर सकाळीच आले की झात्तेरेच्या थांब्यापासून त्यांच्या दारापर्यंत वाटेत एकही पूल नाही. खोली तिथेच घेतली आहे.