रवांडा १९९४: ताटातूट झालेल्या मुलाच्या नोंदीत काय काय हवं?

मुठाकाठ: पुण्यात नववीच्या मुलांसाठी रवांडाच्या वंशसंहारावर कार्यशाळा आहे. हिंसेचे फोटो दाखवायचे नाहीत. एकट्या सापडलेल्या मुलाच्या घरच्यांचा शोध कसा घेत, ते नमुना फॉर्मवरून समजवायचंय. नाव, आडनाव, वय, पत्ता एवढे रकाने केलेत. पुरतील?

दप्तरदार: आडनावाचा रकाना आधी खोडा. रवांडात घराण्याचं सामाईक आडनाव नसतं. सख्ख्या भावंडांची नावंही वेगवेगळी. म्हणून आई, वडील आणि सगळ्या भावंडांची नावं स्वतंत्र लिहायची. पत्त्यात गल्ली नको, डोंगर हवा. तिकडे वस्ती डोंगरावरून ओळखतात. त्यावर तेव्हाचे प्रशासकीय विभाग, लहानाकडून मोठ्याकडे: सेक्टर, कम्यून, प्रिफेक्चर. घरच्यांना शेवटचं कधी, कुठे पाहिलं, तेही घ्या. आणि भावंडांना एकमेकांच्या नोंदीशी जोडा, नाहीतर ती एकट्या मुलांच्या दोन वेगळ्या केंद्रांत विखुरतात.

तिसरी घंटा: दोन-तीन वर्षांच्या पोराला हे काहीच सांगता येत नाही. तिथे ज्याने आणून सोडलं त्याचं नाव, सापडल्याची जागा आणि तारीख आधी. तो माणूस निघून गेला की धागा तुटला! मग अंगावरचे कपडे, व्रण, बोली. रेडक्रॉस अशा मुलांचे फोटो लोकांना दाखवत असे.

मुठाकाठ: नावं जुळली की मूल ताब्यात?

दप्तरदार: छे! मुलाला आणि नातेवाइकाला वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारायचे: घरात कोण कोण, शेजारी कोण. मुलाची तयारीही बघायची. आणि फॉर्मवर 'अनाथ' असा शिक्का नको. जुलै १९९४ मध्ये सीमेपलीकडे झाईरमधल्या (आताचं काँगो) गोमाच्या निर्वासित छावण्यांत कॉलरा पसरला, तेव्हा केंद्रात निदान खायला मिळेल म्हणून काही आयांनीच मुलं तिथे सोडली होती.

तिसरी घंटा: एक मात्र मुलांना स्पष्ट सांगा. एप्रिल ते जुलै, सुमारे १०० दिवसांत ८ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बहुतेक तिथल्या अल्पसंख्य तुत्सी समाजातली. वाचलेल्या कितीतरी तुत्सी मुलांची नोंद बिनचूक असूनही पलीकडे जुळायला कोणी उरलं नव्हतं. काही घरं मग थोरल्या बहिणीनेच चालवली. पण वडिलांच्या जमिनीत मुलींना वारसाहक्क देणारा कायदा आला १९९९ मध्ये. आणि हो, विद्यार्थ्यांना 'हरवलेलं मूल' व्हायला लावू नका. त्यांना नोंद करणाऱ्याच्या खुर्चीत बसवा, अर्धवट भरलेला फॉर्म द्या आणि पुढे काय विचाराल ते लिहायला सांगा.