स्प्रिंग ब्रेकला कुठेतरी गरम, स्वस्तात. लवकर सांगा प्लीज

बर्फातला_बंडू
मंडळी, स्प्रिंग ब्रेकला, म्हणजे पोरांच्या मार्चच्या सुट्टीत, कुठेतरी गरम ठिकाणी जायचंय, फॅमिली आहे, फार खर्च नको. काल परत ४ इंच बर्फ पडला, पोरांनी घर डोक्यावर घेतलंय आणि मी तीन रात्री जागून साइट्स बघतोय, पान रिफ्रेश केलं की भाव वाढलेला. बायको म्हणते तू नुसता बघतच बस. मेक्सिको कसं वाटतं? कोणी जाऊन आलंय का? आज-उद्यात बुक करायचंय.

चकलीचा_सोऱ्या
कुठून निघणार? किती जण? मुलं केवढी? तारखा? आणि "फार नको" म्हणजे नक्की किती, काहींचं फार १० हजाराला सुरू होतं.

ऑल_इन_वन
कॅनकून. डोळे मिटून. ऑल-इन्क्लुजिव्ह घ्या, हातात पट्टा बांधतात की दिवसभर खा प्या झोपा. आम्ही तीनदा गेलो. व्हेज पण मिळतं, म्हणजे भात आणि बीन्स असतातच.

बर्फातला_बंडू
अरे हो, राहिलंच. मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ नोव्हायला असतो. मार्चचा शेवटचा आठवडा. मुलं १० आणि ४. सगळं धरून २५०० डॉलर.

पन्ह्याची_बाटली
कॅनकूनच्या आधी एक सांगा, पासपोर्ट कुठला आणि अमेरिकन व्हिसाचा स्टॅम्प चालू आहे का?

बर्फातला_बंडू
इंडियन. एच-१बी, नोकरीचा व्हिसा. स्टॅम्प २०२३ मध्येच संपलाय पण आय-७९७ आहे ना, इथे राहायच्या मंजुरीची नोटीस, २०२७ पर्यंतची. धाकटी इथे जन्मलेली, तिचा प्रश्न नाही.

पन्ह्याची_बाटली
मग मेक्सिको विसरा. लोक इथेच गोंधळ करतात. ३० दिवसांच्या आत मेक्सिकोहून परत येताना अमेरिका संपलेल्या स्टॅम्पवर आय-९४ (राहायच्या मुदतीची नोंद) बघून आत घेते, ते ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन, ते खरं आहे. पण तो झाला परतीचा प्रश्न. मेक्सिकोत शिरताना त्यांना अमेरिकेचा चालू व्हिसा नाहीतर ग्रीन कार्ड लागतं, आय-७९७ हा त्यांच्या लेखी नुसता कागद. मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागेल. आमच्या ओळखीतले एक जण डेट्रॉइटच्या चेक-इन काउंटरवरूनच परत आले, बॅगा, दोन मुलं आणि फुगवायचा फ्लेमिंगो घेऊन.

ऑल_इन_वन
आमचं ग्रीन कार्ड आहे त्यामुळे हे कधी लक्षातच आलं नाही. मग बहामाची क्रूझ घ्या.

पन्ह्याची_बाटली
एच-१ ला ती सवलत फक्त कॅनडा-मेक्सिकोपुरती आहे हो, बेटांसाठी नाही. त्यांना अडकवून ठेवाल तुम्ही.

कोक्विटो
पोर्तो रिको! ते अमेरिकेचंच बेट, म्हणजे डोमेस्टिक, इमिग्रेशन नाही, पाणी कोमट, ओल्ड सॅन हुआनचा किल्ला बघून मला जंजिरा आठवला. येताना विमानतळावर शेतीखात्याचे लोक बॅग स्कॅन करतात तेवढंच, आमचे चार आंबे काढून घेतले, अजून जीव जळतो.

बर्फातला_बंडू
पोर्तो रिकोची तिकिटं बघितली, सहा जणांच्या तिकिटांतच २५०० जातात.

चकलीचा_सोऱ्या
सहा?? दोन आणि दोन चार होतात.

बर्फातला_बंडू
आई-बाबा आलेत ना पुण्याहून. सांगायचं राहिलं. आईचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. बाबांना नासा बघायचंय, रोज विचारतात.

हायवेचा_राजा
एवढी माहिती पहिल्या पोस्टमध्ये असती तर धागा संपला असता. सहा जण म्हणजे विमान बाद, गाडी काढा. तुमच्या जवळून आय-७५ हायवे घेतला की टोलेडो, सिनसिनाटी, नॉक्सव्हिल, अटलांटा, सरळ फ्लोरिडा, रस्ता शोधायची भानगडच नाही. ऑर्लँडोच्या आसपासपर्यंत ११०० मैलांच्या घरात, फिरणं धरून २६००, मिनीव्हॅन २५ चा अ‍ॅव्हरेज देते म्हणजे १०० गॅलनपेक्षा थोडं जास्त, साडेतीनशेत पेट्रोल आटपतं. तेवढ्यात सहा जणांची तिकिटं थोडीच येतात. पहाटे ३ ला निघा, पोरं झोपेत.

दोन_तासात_पोचते
आणि आईंचे गुडघे? १६ तास गाडीत बसवणार त्यांना? आम्ही एकदा गेलो तसे, सासूबाई परत आल्यावर आठवडाभर जिना चढल्या नाहीत. टोलेडो आणि फ्लिंटहून स्वस्त फ्लाइट्स असतात, त्या बघा.

हायवेचा_राजा
त्या "स्वस्त" फ्लाइटला बॅगेचे वेगळे, सीटचे वेगळे, वर तिकडे व्हॅन भाड्याने, टोलच्या डबीचं रोजचं भाडं. करा बेरीज. आणि १६ तास सलग कोण म्हणतंय, नॉक्सव्हिलच्या आसपास मुक्काम, दर दोन तासांनी रेस्ट एरिया, आईंना पुढच्या सीटवर बसवा. अटलांटा मात्र सकाळी ६ च्या आत नाहीतर १० नंतर. मधल्या वेळात गेलात तर मला शिव्या देऊ नका.

खलबत्ता
इन्स्टंट पॉट (विजेचा कुकर) न्या. मोटेलवाल्याला सांगायचं नाही. मी पोह्याचा कोरडा मसाला करून नेते, फोडणी घरूनच घालून पोहे परतून डब्यात भरायचे, तिकडे नुसतं गरम पाणी. मेतकूट, तूप, लिंबाचं लोणचं. अटलांटाजवळ डिकेटरला इंडियन दुकानांची अख्खी रांग आहे, भाजी तिथे घ्या.

समुद्र_वेडी
फ्लोरिडातच डेस्टिनच्या बीचला जा ना, अर्धं मिशिगन तिकडेच असतं. वाळू साखरेसारखी.

पन्ह्याची_बाटली
मार्चमध्ये डेस्टिनचं पाणी गार असतं. फोटो छान येतात, पोरं दोन मिनिटांत दात वाजवत बाहेर. शेजारच्या पनामा सिटी बीचवर कॉलेजच्या पोरांनी एवढा धिंगाणा घातला की मार्चभर बीचवर दारूला बंदी आहे, त्यावरून अंदाज घ्या. गरम पाणी हवं तर फोर्ट मायर्स, नेपल्सपर्यंत खाली उतरावं लागेल.

चकलीचा_सोऱ्या
आणि तिकडे मार्च म्हणजे पीक सीझन, सगळे रिटायर्ड गोरे थंडीभर मुक्कामाला. २५०० त नुसतं राहणं होईल.

दापोलीकर_हापूस
एवढे डॉलर घालवण्यापेक्षा इकडे या. आमचं होमस्टे आहे, समुद्र चालत पाच मिनिटं, आंबा सुरू होतोय.

बर्फातला_बंडू
काका, स्टॅम्प संपलाय म्हणून तर सगळा गोंधळ आहे.

झऱ्याचं_पाणी
मी इथे फ्लोरिडात, टॅम्पाला ११ वर्षं आहे. सगळे किनाऱ्याच्या मागे लागलेत म्हणून भाव तिकडे आहेत. ओकालात राहा. आय-७५ वरच आहे, समुद्र नाही म्हणून घरं स्वस्त, अख्खं घर किचनसकट मिळतं. हॉटेलात सहा जणांना दोन खोल्या घ्यायला लावतात.

आता बघण्यासारखं. आजूबाजूला जमिनीतून येणारे झरे आहेत, पाणी बाराही महिने ७२ फॅरनहाइट. गरम नाही, आधीच सांगते, पहिली बुडी मारताना ओरडाल. रेनबो स्प्रिंग्समध्ये पोहता येतं, माणशी २ डॉलर. खाली बघितलं की आपल्याच पायाची बोटं आणि त्याखाली हिरव्या गवतातून मासे. वीकएंडला सकाळीच पार्किंग भरून गेट बंद करतात, म्हणून मंगळवार-बुधवार धरा. आईंसाठी सिल्व्हर स्प्रिंग्स, काचेच्या तळाच्या बोटी आहेत, बसल्या जागी कासवं दिसतात. तिथे पोहायला मनाई आहे कारण मगरी.

हायवेचा_राजा
तिथे माकडं पण आहेत ना?

झऱ्याचं_पाणी
आहेत. १९३० च्या दशकात एकाने जंगल बोटसफारीसाठी आणून सोडली, आपलीच लाल तोंडाची.

खलबत्ता
१००० मैल गाडी हाणून माकडं बघायची तर माथेरान काय वाईट होतं.

झऱ्याचं_पाणी
नासासाठी ओकालाहून दोन-सव्वादोन तास. केनेडी स्पेस सेंटरचं तिकीट माणशी सत्तरच्या वर आहे, सहा जणांना परवडणार नाही, बाबांना एकट्याला काढून द्या. बाकीच्यांनी प्लायालिंडा बीचवर जायचं, तिथून लाँच पॅड दिसतात. ते नॅशनल पार्कवाल्यांचं आहे, गाडीचे २५ डॉलर. तुमचा मोठा चौथीत आहे का?

बर्फातला_बंडू
हो चौथीत. का?

झऱ्याचं_पाणी
मग फुकट. चौथीतल्या मुलांना एव्हरी किड आउटडोअर्सचा पास मिळतो, अख्खी गाडी आत जाते. साइटवर त्याने स्वतः प्रश्नांची उत्तरं द्यायची, मग पास येतो. तो कागदावर छापून न्यायचा, २०२५ पर्यंत तरी फोनवर दाखवलेला चालत नव्हता, गेटवर माझ्या भाच्याने रडारड केली होती. लाँच असेल तर बीच बंद ठेवतात, आधी बघून जा. आणि पार्किंगचे नंबर आहेत, १ ते ५ मध्ये कुठेही लावा, १३ नंबरला आईंना घेऊन जाऊ नका.

चकलीचा_सोऱ्या
१३ ला काय आहे?

झऱ्याचं_पाणी
कपडे नाहीत.

ऑल_इन_वन
😂 कॅनकूनला असं काही नाही.

दोन_तासात_पोचते
मला अजूनही वाटतं विमानच बरं. बंडू, गाडी कुठली आहे तुमच्याकडे?

बर्फातला_बंडू
सीआर-व्ही.

हायवेचा_राजा
अहो पाच सीटची!!! सहा जण कुठे बसणार होते, टपावर?

बर्फातला_बंडू
मित्राची ओडिसी मिनीव्हॅन आहे, तो आठवडाभर माझी घेईल. विचारलंय, हो म्हणालाय.

चकलीचा_सोऱ्या
इन्शुरन्सवाल्याला त्याने आणि तुम्ही दोघांनीही फोन करून घ्या. आणि आई-बाबांचे पासपोर्ट, आय-९४ च्या प्रिंट गाडीत ठेवा, घरी नको.

बर्फातला_बंडू
ओके. ओकालाला घर बघितलं, ५ रात्रींचे क्लीनिंग फी धरून ८९०. बायको हो म्हणाली, त्यामुळे लगेच बुक केलं. बाबांना सांगितलं तर ते पहिल्यांदा म्हणाले मी एकटाच का आत जाऊ, मग अर्ध्या तासाने टोपी शोधायला लागले. पासची उत्तरं थोरल्याने काल रात्री दिली, एक अडलं तर त्याला वाटलं आता पास गेला. आमच्या प्रिंटरची शाई संपलेली, लायब्ररीत जाऊन छापून आणला. दोन कॉपी काढल्यात, एक आईच्या पर्समध्ये.

खलबत्ता
इन्स्टंट पॉट घेताय ना? सहा जणांना ३ क्वार्टचा पुरणार नाही, ६ चा घ्या.