पक्षाघातानंतर पुनर्वसन केंद्र निवडायचे आहे; तिथल्या शुश्रूषेचा दर्जा कसा पारखावा?

नदीकाठ

माझ्या वडिलांना (वय ७४) गेल्या महिन्यात पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आहे. आपण बोललेले त्यांना बरेचसे समजते, पण शब्द फुटत नाहीत. नाकातून अन्न देण्यासाठी राइल्स ट्यूब (नळी) आहे आणि लघवीसाठी कॅथेटर आहे. येत्या आठवड्यात रुग्णालयातून सुटी मिळेल. थेट घरी नेण्याऐवजी दोन-तीन महिने एखाद्या पुनर्वसन केंद्रात ठेवावे, असे डॉक्टरांनी सुचवले आहे. आई स्वतः सत्तरीची आहे, आम्ही दोघेही नोकरी करतो आणि नर्सिंग ब्यूरोची माणसे लावून घरी केले तर व्यायाम जेमतेम होणार, म्हणून हा सल्ला आम्हांला पटला आहे.

पुण्यात दोन केंद्रे पाहून आलो. एक नव्या इमारतीत आहे. स्वागतकक्ष प्रशस्त, प्रत्येक खोलीत टीव्ही, व्यायामाची यंत्रे कोरी करकरीत. दुसरे जुन्या बंगल्यात आहे. भिंतींचा रंग उडालेला आहे, पण तिथली माणसे रुग्णांशी नावाने बोलताना दिसली. दोन्हीकडचे दर जवळपास सारखे आहेत आणि दोन्हीकडे ‘चोवीस तास नर्सिंग, रोज फिजिओ, डॉक्टरांची नियमित भेट’ हीच यादी ऐकवली गेली. इंटरनेटवरील अभिप्रायांत एक तर पाच तारे नाही तर एकच तारा, त्यामुळे त्यांतून काही हाती लागले नाही. वैद्यकीय ज्ञान नसलेल्या माणसाला आतली शुश्रूषा खरोखर कशी आहे, हे कशावरून ओळखता येईल? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अबोली

मी सरकारी रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाले आहे, त्यामुळे माझे उत्तर शुश्रूषेपुरते आहे. व्यायामाबद्दल कुणी फिजिओथेरपिस्ट लिहील तर बरे होईल.

पहिली गोष्ट म्हणजे केंद्र सकाळी अकरा वाजता पाहू नका. त्या वेळी सगळीच केंद्रे चांगली दिसतात. संध्याकाळी ड्यूटी बदलते तेव्हा जा, शक्य असल्यास रविवारी जा. दिवसपाळीची सिस्टर रात्रपाळीच्या सिस्टरला प्रत्येक खाटेजवळ उभी राहून रुग्णाची माहिती देते, की टेबलावर वही ठेवून निघून जाते, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. रात्री किती रुग्णांमागे किती प्रशिक्षित परिचारिका असतात, हे स्पष्ट विचारा. परिचारिका म्हणजे जीएनएम किंवा एएनएम यांसारखा परिचर्येचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेली व्यक्ती. मावशी आणि मामा (म्हणजे मदतनीस) यांच्याशिवाय असे केंद्र एक दिवस चालणार नाही आणि रुग्णाला स्वच्छ, कोरडे ठेवण्याचे सगळे श्रेय त्यांनाच जाते. पण नळीतून अन्न देणे, इन्सुलिन आणि कॅथेटरची काळजी ही कामे कुणा प्रशिक्षित व्यक्तीच्या जबाबदारीवरच व्हायला हवीत.

दुसरी गोष्ट त्वचेची. आपले वडील स्वतः कूस बदलू शकत नसतील, तर माकडहाड, टाचा आणि खुब्याचा भाग येथे बेडसोअर (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) होण्याचा धोका आहे. साधारण दर दोन तासांनी कूस बदलतात आणि त्याची नोंद तक्त्यावर करतात. तो तक्ता दाखवा म्हणून सांगा आणि नीट वाचा. दुपारचे चार वाजले असताना सहाच्या आणि आठच्या रकान्यांतही सह्या भरलेल्या दिसल्या, किंवा आठवडाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात सलग उतरवलेल्या दिसल्या, तर ती कूस बदललेलीच नाही असे समजावे. एअर बेड आहे म्हणून कूस बदलण्याची गरज नाही, असे कुणी म्हणाले तर ते साफ चूक आहे. सध्या किती रुग्णांना बेडसोअर आहेत, त्यांपैकी किती जण जखम घेऊनच आले आणि किती जणांना इथे आल्यावर झाली, हेही विचारा. ‘आमच्याकडे कुणालाच कधी होत नाही’ या उत्तरापेक्षा ‘दोघांना आहे, एकाला इथेच झाली आणि आम्ही असे उपचार करत आहोत’ हे उत्तर मला अधिक विश्वासाचे वाटते.

दाखल करताना डोक्यापासून टाचांपर्यंत त्वचा तुमच्यासमोर तपासून तिची लेखी नोंद व्हायला हवी. पुढे तुम्ही भेटीला जाल तेव्हा पांघरूण बाजूला करून टाचा स्वतः पाहत जा. लालसर डाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडत नसेल, तर ती जखमेची सुरुवात असते.

नळीतून अन्न देताना एकदा उभे राहून पाहा. डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश उचललेली असावी आणि अन्न दिल्यावरही अर्धा ते एक तास तशीच ठेवावी, नाहीतर अन्न फुफ्फुसांत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. सिरिंजचा दट्ट्या जोराने दाबून दोन मिनिटांत काम उरकणारे हात घाईत असतात, आणि ती घाई बहुधा माणसे कमी असल्यामुळेच होते. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता टांगलेली असावी. कॅथेटर कधी काढण्याचा विचार आहे, असे विचारल्यावर ज्यांच्याकडे काहीच उत्तर नसते, त्यांनी तो कायमचा गृहीत धरलेला असतो. जंतुसंसर्ग तिथूनच सुरू होतो.

आणखी एक बारीकशी गोष्ट. उजवी बाजू लुळी असलेल्या रुग्णांच्या घंटीचे बटण कोणत्या हाताला ठेवले आहे, ते पाहा. डाव्या हाताला पोचेल असे ठेवले असेल, तर तिथे कुणीतरी रुग्णाकडे बघून विचार केलेला आहे.

ताम्हण

अबोलीताईंनी शुश्रूषेचा भाग इतका नेमका मांडला आहे की त्यात भर घालण्यासारखे काही नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून पुनर्वसनाबद्दल लिहितो.

‘रोज फिजिओ’ याचा अर्थ एका थेरपिस्टने एका रुग्णासोबत रोज किती वेळ घालवायचा, हे लेखी घ्या. हॉलमध्ये आठ जणांना ओळीने बसवून हात वर-खाली करायला लावणे यालाही काही ठिकाणी फिजिओ म्हटले जाते. त्याने मन रमते, पण लुळ्या पडलेल्या बाजूला त्याचा फारसा उपयोग होत नाही. पक्षाघातानंतरची सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते, त्यामुळे हा काळ कुठे आणि कसा जातो, याला फार महत्त्व आहे.

प्रगती कशाने मोजता, हा प्रश्न अवश्य विचारा. १९६५ पासून वापरात असलेली बार्थेल मापनपद्धती सोपी आहे: जेवण, आंघोळ, कपडे घालणे, शौच, खाटेवरून खुर्चीत जाणे, चालणे अशा दहा गोष्टी रुग्ण किती स्वतंत्रपणे करतो, यावरून ० ते १०० असे गुण देतात. दाखल होताना किती गुण होते आणि दोन आठवड्यांनी किती झाले, हे ज्या केंद्राला सांगता येत नाही, त्याचे ‘छान सुधारणा आहे’ हे शब्द मी प्रमाण मानणार नाही. उद्दिष्टेही साध्या भाषेत असावीत, उदाहरणार्थ, ‘आधाराशिवाय खाटेच्या कडेला दहा मिनिटे बसणे’ किंवा ‘एका माणसाच्या मदतीने खाटेवरून व्हीलचेअरमध्ये जाणे’.

व्यायामाचा तास संपल्यावरचा उरलेला दिवसही पाहा. दुपारी चार वाजता सगळे रुग्ण आडवे असतील आणि टीव्ही चालू असेल, तर ते पुनर्वसन नव्हे. मदतनीस रुग्णाला उठवताना लुळा हात धरून किंवा काखेत हात घालून ओढतात का, हे पाच मिनिटांत दिसते. पक्षाघातानंतर खांद्याचा सांधा सैल झालेला असतो. हात ओढल्याने खांदा दुखावतो आणि एकदा दुखणे सुरू झाले की रुग्ण व्यायामच नाकारू लागतो. जिथे मावशी आणि मामांनाही रुग्ण उचलण्याचे शिक्षण दिलेले असते, तिथे थेरपिस्टचे काम टिकते.

आपल्या वडिलांना शब्द फुटत नाहीत, म्हणून वाचा व गिळणे यांच्या तज्ज्ञाची सोय आहे का, हे माझ्या मते निर्णायक ठरावे. गिळण्याची तपासणी न करता ‘आता तोंडाने देऊन पाहू’ म्हणणे धोक्याचे आहे आणि तपासणीच न करता महिनोन्‌महिने नळी ठेवणेही चुकीचे आहे. त्यांच्यासमोर उभे राहून त्यांच्याविषयी तुमच्याशीच बोलणारा डॉक्टर किंवा कर्मचारी दिसला, तर तेही लक्षात ठेवा, कारण त्यांना बरेचसे समजते आहे. शेवटी, रात्री शांत झोपावेत म्हणून कोणती औषधे देतात आणि नळी ओढू नये म्हणून हात बांधतात का, बांधल्यास कुणाच्या आदेशाने आणि किती वेळ, याची चौकशी करा.

गुलमोहर

मी न्यू जर्सीत राहते आणि सासूबाईंच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर इथल्या एका पुनर्वसन केंद्राचा अनुभव घेतला आहे. इथे अमेरिकेचे केंद्र सरकार २००८ पासून प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे देते, आणि ते तारे कशाचे बनलेले असतात हे समजल्यावर आपल्याकडे काय विचारायचे, तेही कळते. अचानक होणारी तपासणी, कर्मचाऱ्यांची संख्या आणि रुग्णांच्या प्रकृतीचे निर्देशक, असे त्याचे तीन भाग आहेत. तिसऱ्या भागातली बरीचशी माहिती केंद्रे स्वतःच भरून देतात, त्यामुळे तिच्यावर मी फार विसंबत नाही. कर्मचाऱ्यांचा आकडा मात्र २०१८ पासून पगाराच्या नोंदींवरून काढला जातो आणि २०२२ पासून शनिवार-रविवारी किती परिचारिका असतात आणि वर्षभरात किती जण नोकरी सोडून जातात, हेही त्यात धरले जाते. तपासणीचे तारे तर राज्यातल्या राज्यात तुलना करून दिलेले असतात. वरच्या दहा टक्क्यांना पाच तारे मिळतात, मग त्या राज्याची एकूण पातळी कशीही असो.

त्यामुळे भारतात अशी यादी नसली तरी दोन प्रश्न तुम्ही उचलू शकता: रविवारी माणसे किती असतात, आणि इथली सिस्टर व मावशी किती दिवसांपासून इथेच काम करत आहेत? दुसरा प्रश्न व्यवस्थापकाला न विचारता त्या मावशींनाच विचारावा. दर महिन्याला माणसे बदलत असतील, तर वडिलांना काय हवे आहे हे त्यांच्या नजरेवरून ओळखणारे कुणी तयारच होणार नाही, आणि न बोलणाऱ्या रुग्णाची सगळी भिस्त त्या ओळखीवर असते.

कोरांटी

करारनाम्याविषयी थोडे. माझ्या मामांना ठेवले होते त्या केंद्राने (नाव लिहीत नाही) महिन्याचा ठरलेला आकडा सांगितला आणि पहिल्याच बिलात डायपर, हातमोजे, ड्रेसिंग, एअर बेडचे भाडे, नळी बदलण्याचे शुल्क असे सगळे वेगळे लावले. हातमोज्यांची संख्या पाहिली तर मामांना जितक्या वेळा हात लागला असेल, त्याच्या कितीतरी पट ती होती. म्हणून मागच्या महिन्यातल्या एखाद्या रुग्णाचे बिल नाव झाकून दाखवायला सांगा. त्यातून दरपत्रकापेक्षा अधिक कळते. मध्येच रुग्णालयात हलवावे लागले तर खाटेचे पैसे चालू राहतात का, डिपॉझिट किती दिवसांत परत मिळते आणि रात्री दोन वाजता ताप किंवा धाप लागली तर निर्णय कोण घेतो व रुग्णवाहिका कुठून येते, हेही लेखी असावे.

महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली नोंदणी आहे का, ते विचारा. २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावण्याची तरतूद आहे. काही केंद्रे स्वतःला केवळ ज्येष्ठांचे निवासस्थान म्हणवतात आणि राइल्स ट्यूबचे रुग्णही घेतात. तिथे वैद्यकीय जबाबदारी नेमकी कुणाची, याचे उत्तर मिळेपर्यंत सही करू नये. पुढे काही तक्रार उद्भवलीच, तर ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

नदीकाठ

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आज संध्याकाळी दोन्ही केंद्रांत पुन्हा गेलो होतो. नव्या इमारतीत कूस बदलण्याचा तक्ता ‘ऑफिसात आहे, उद्या दाखवू’ असे सांगण्यात आले. बंगल्यातल्या केंद्रात तो खाटेलाच अडकवलेला होता आणि त्यात एका ठिकाणी ‘रुग्ण खुर्चीत बसले होते, म्हणून कूस बदलली नाही’ अशी नोंदही दिसली. मात्र वाचातज्ज्ञ तिथे आठवड्यातून एकदाच येतात. आम्ही स्वखर्चाने बाहेरून आणखी दोन दिवस कुणाला बोलावले तर चालेल, असे त्यांनी लेखी द्यायची तयारी दाखवली आहे, त्यामुळे मन तिकडे झुकते आहे.

एक शंका उरली आहे. नवे केंद्र खोलीतल्या कॅमेऱ्याचे चित्र नातेवाइकांना मोबाइलवर देते. बंगल्यातल्या केंद्राकडेही आम्ही त्याचा आग्रह धरावा का?

अबोली

खाटेलाच तक्ता आणि त्यात न बदललेल्या वेळेची कारणासह नोंद, हे चांगले लक्षण आहे. कॅमेऱ्याबद्दल माझे मत असे की येण्याजाण्याच्या वाटेत तो जरूर असावा. खोलीत मात्र वडिलांना स्पंज करतात, डायपर बदलतात, आणि ते सारे मुला-सुनेच्या मोबाइलवर दिसावे हे त्यांना चालेल का, हे त्यांनाच विचारायला हवे. त्यांना समजते आहे, तेव्हा मान हलवून किंवा डाव्या हाताने ते होय-नाही सांगू शकतील. त्यांनी नकार दिला तर आग्रह धरू नका. त्याऐवजी घरातले कुणी ना कुणी रोज वेगवेगळ्या वेळी, न सांगता येईल आणि त्याला कधीही आत सोडले जाईल, एवढे करारात लिहून घ्या.